पुसू नका बाई

गणिताच्या बाईंना सगळी शाळा 'पुसू नका बाई' म्हणायची. तोंडावर नाही हं, पाठीमागे. त्यांच्या वर्गात फळ्यावरचं चुकलेलं गणित पुसायला सक्त मनाई होती. चूक तशीच ठेवायची, आणि पाय कुठे घसरला ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. कुणी हसलं तर खबरदार! घरी नवरा चिडवायचा, "तुझा फळा म्हणजे चुकांचं प्रदर्शन."

प्रदर्शन तर प्रदर्शन. पण त्यापायी धडे मागे पडत, हेही खरंच. शेजारच्या वर्गातले 'सुपरफास्ट सर' केव्हाच पुस्तक संपवून उजळणीला लागलेले असत. यंदा नवे मुख्याध्यापक आले आणि शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक लिहून मोकळे झाले. दहावीचं गणित सुपरफास्ट सरांकडे! नववीच्या या पोरांना त्यांनी पाचवीपासून शिकवलं होतं, आणि आता ऐन शेवटच्या वर्षी दुसऱ्याच्या हवाली करायचं?

"एकदा माझा तास बघा, मग काय ते ठरवा," त्या म्हणाल्या.

"उद्याच येतो," मुख्याध्यापक म्हणाले.

ते आले, शेवटच्या बाकावर बसले, आणि बाईंचा धीर सुटला. आज आपणही झपाझप शिकवून दाखवायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. दहातून कंस वजा करायचा होता, कंसात 'क्ष वजा तीन'. बोलता बोलता त्यांनी कंस सोडवला आणि उत्तर लिहिलं, 'सात वजा क्ष'. लिहिलं आणि चूक लक्षात आली. त्यांनी तळहातानेच ते खसाखसा पुसलं आणि 'तेरा वजा क्ष' लिहून पुढचं गणित घेतलं.

"बाई, तुम्ही पुसलंत."

खिडकीजवळची, एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी बोलली होती. तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता, नुसतं नवल होतं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागच्या बाकाकडे न बघता त्यांनी 'सात वजा क्ष' पुन्हा लिहिलं.

"चुकलं माझं. सांगा, पाय कुठे घसरला?"

"वजा-वजा अधिक, झालं!" एकजण ओरडला.

"झालं काय, कपाळ! का होतं ते सांग."

मग तीच मुलगी हळूहळू उभी राहिली. "बाई, क्षपेक्षा तीन कमी एवढंच काढायचं होतं ना? आपण अख्खा क्ष काढला. म्हणजे तीन जास्तच काढले. ते परत द्यायला नकोत?"

"अगं बाई, खरंच की!" मघाचा ओरडणारा म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला. मग प्रत्येकाला स्वतःचं उदाहरण करून बघायचं होतं. त्या एका कंसात अख्खा तास गेला. घंटा झाली तेव्हा पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं. मुख्याध्यापक उठले आणि निघून गेले. संपलं सगळं, बाईंना वाटलं. रात्री जेवणही गेलं नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या, तर सगळे फळ्यापाशी जमलेले. दहावीच्या गणितापुढे सुपरफास्ट सरांचं नाव तसंच होतं, त्यावर फक्त एक आडवी रेघ. खाली बाईंचं नाव लिहिलं होतं.

शिपाई फडकं घेऊन आला. "साहेब, वरचं पुसून नीट करू का?"

दारातून मुख्याध्यापक म्हणाले, "राहू दे. चुकलं होतं माझं."