तिसऱ्या नकोपर्यंत

माझ्या साडूंच्या पंगतीतून आपल्या पोटाच्या मापानं जेवून उठलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव तेर. हयात मराठीचे मास्तर म्हणून गेली, पण शिकवणं हा जोडधंदा, मूळ धंदा आग्रहाचा. लग्न कुणाचंही असो, पंगत बसली की हे बाह्या सारून जिलबीचं ताट उचलणार. तामलवाडीच्या एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्यानं पानावर दोन्ही हात आडवे धरले, तर यांनी त्या हातांवरच जिलब्या रचल्या आणि शांतपणे पुढच्या पानाकडं गेले. त्या बिचाऱ्याला नाक खाजवायची सोय राहिली नाही. शेवटी त्याच्या बायकोनं येऊन एकेक जिलबी भरवली तेव्हा कुठं सुटका झाली. चतुर्थी धरलेल्या आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी "चतुर्थी काय, पुढल्या महिन्यात बी येतीय की" असं समजावून भरदुपारी पुरणपोळी चारली. मला एकदा दवाखान्यात सलाईन लावलं होतं. भेटायला आले, बाटलीकडं बघितलं आणि सिस्टरना म्हणाले, "एवढ्याशानं काय होतंय, अजून एक लावा की."

याचं त्यांनी शास्त्रच करून ठेवलं होतं. "पाव्हणं," ते मला सांगायचे, "पहिला नको आईनं शिकवलेला असतो. दुसरा लाजंचा असतो. तिसरा तेवढा पोटातनं येतोय." तीनदा विचारल्याशिवाय माणसाला सोडणं म्हणजे त्यांच्या मते त्याला उपाशी घालवणं. तिसरा नको ऐकला मात्र, की ते तिथं क्षणभर थांबत नसत, मग समोर सख्खा व्याही का असेना.

तर या माणसानं वयाच्या चौसष्टाव्या वर्षी एस्टोनियात स्टार्टअप काढायचं ठरवलं. एस्टोनिया हा युरोपातला चिमुकला, गारठलेला देश. त्यांची एकुलती एक लेक तिथं टॅलिन नावाच्या राजधानीत कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. ती पहिल्यांदा गेली तेव्हा ऑफिसात कुणीतरी विचारलं, कॉफी घेणार का? पोरगी तेरची, वळणाची. ती म्हणाली, नको. समोरचा "बरं" म्हणाला आणि किटली घेऊन निघून गेला. ती दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसली, आणि तीन महिने कॉफीविना राहिली. तिनं हे फोनवर हसत हसत सांगितलं होतं. साडूंना मात्र हसू आलं नाही. त्याच दुपारी ते एस. टी. पकडून माझ्याकडं धाराशिवला आले आणि पाणी पिण्याआधी म्हणाले, "अख्खा देश हाय आणि आग्रह करायला एक माणूस न्हाय. ह्याला म्हणत्यात संधी."

धंदा असा: तिकडं एकटं राहणारं माणूस जेवायला बसलं, की त्यानं मोबाईल ताटासमोर टेकवायचा. इकडं तेरमधून कुणीतरी बाई पडद्यावर येणार आणि म्हणणार, "घ्या की अजून थोडं, काहीच खाल्लं न्हाय तुम्ही." बास. अन्न त्याचं, ताट त्याचं, आग्रह आपला. कंपनीचं नावही 'आग्रह'च. त्या देशात घरबसल्या कॉम्प्युटरवर कंपनी काढता येते हे कळल्यावर तर त्यांच्या अंगात आलं. "हितं रहिवासी दाखल्याला चार खेटे पडत्यात, आणि तिथं म्या तेरच्या ओसरीत बसून मालक!" अडचण एवढीच की मला इंग्रजी येतं. हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याची शिक्षा म्हणून मला भाषांतरप्रमुख नेमण्यात आलं. मी नको म्हणालो. तीनदा म्हणायचं राहून गेलं.

मग तेरला त्यांच्या ओसरीवर प्रशिक्षण सुरू झालं. शेजारच्या आक्का, वय सत्तर, या पहिल्या कर्मचारी. मी कागदावर देवनागरीत वाक्यं लिहून दिली. आक्का भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या राहून त्यातल्या देवीला "टेक सम मोअर, यू हॅव ईटन नथिंग" असं इतक्या मायेनं म्हणत, की मलाच भूक लागायची. साडूंनी तिकडची भाषाही शिकायला घेतली. मराठीला आठ विभक्ती आणि त्या भाषेला चौदा, हे ऐकून दोन दिवस त्यांनी वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "असू द्या. वाढायला संबोधन बास हाय." शिवाय तिकडची वेळ पाळायची म्हणून दुपारचं जेवण साडेतीनला करू लागले. एकटा माणूस, कधी जेवला काय, विचारणारं कोण होतं? मेहुणी जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

खरी अडचण म्हणजे समिती. कंपनी घरी बसून काढता येते, पण तिच्या जोरावर तिथं जाऊन राहायचं तर आपला धंदा नवा आहे, वाढणारा आहे, हे तिथल्या एका समितीला पटावं लागतं. आणि साडूंना राहायचंच होतं. "अहो, तेरमधून चालतोय की धंदा, तिथं कशाला?" असं मी विचारलं की ते चष्मा पुसायला घ्यायचे. अखेर समितीनं व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. पडद्यावर तीन गोरी, शांत माणसं. इकडं साडू कोटटोपीत, शेजारी मी, मागं आक्का. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, "ग्राहक नको म्हणाला तर?"

"म्हणणारच," साडू म्हणाले. "नको म्हणल्याबिगर आग्रहाला सुरुवात कुठनं करायची?"

मी भाषांतर केलं. तिघं एकमेकांकडं बघू लागले. ग्राहकानं तक्रार केली तर काय, असं दुसऱ्यानं विचारलं. "उपाशी माणूसच तक्रार करतोय. त्येला अजून वाढायचं." मी हेही भाषांतरित केलं, काय करता! तेवढ्यात आक्कांना राहवेना. त्या पुढं आल्या आणि बाईंना म्हणाल्या, "लई रोडावलीस गं. जेव पोटभर, माझ्या गळ्याची शपथ हाय तुला." गळ्याच्या शपथेला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजही माहीत नाही. त्या क्षणी जे तोंडाला आलं ते बोललो, आणि त्या बाईंनी काळजीनं विचारलं, आजींच्या गळ्याला काही इजा झाली आहे का?

आठवड्यानं पत्र आलं. फार सभ्य भाषेत नकार होता. मी पडेल आवाजात वाचून दाखवलं, तर साडू खुशीत. "पहिला नको. आईबापानं चांगलं वळण लावलंय." त्यांनी लगेच दुसरा अर्ज घातला. दुसरं पत्र आलं, पहिल्याच्या निम्मं. "लाजायलेत," साडू म्हणाले. तिसऱ्या अर्जाला चार ओळींचं उत्तर आलं. आमचा निर्णय बदलणार नाही, कृपया पुन्हा अर्ज करू नये. ते वाचल्यावर साडू उठले, खुंटीवरचा कोट घडी करून ट्रंकेत ठेवला आणि आक्कांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

मला वाटलं होतं माझी सुटका झाली म्हणून आनंद होईल. झाला नाही. म्हटलं, "जाऊ द्या हो. ह्या वयात कंपनी काढून करायचंय काय?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मग म्हणाले, "पोरीनं इचारलं होतं. तिची आई गेली तवा. बाबा, तिकडं येता का माझ्याकडं राहायला? म्या म्हणलं, नको."

"मग?"

"मग काय. ती बरं म्हणली." चष्मा कानाला लावून ते ओसरीबाहेर बघत राहिले. "तिथं एकदाच इचारत्यात, पाव्हणं."

मला इतका राग आला, की कुणाचा ते अजून ठरलेलं नाही. घरी येऊन मी त्यांच्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, बाबांनीच नको म्हटलं होतं. मी कशी जबरदस्ती करू?"

"कितीदा म्हणाले नको?"

"एकदा."

"मग तू तेरची का टॅलिनची?" मी विचारलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

त्या रविवारी साडू आमच्याकडं जेवायला होते. माझ्या बायकोनं मोबाईल त्यांच्या ताटासमोर तांब्याला टेकवून ठेवला. लेक म्हणाली, "बाबा, इकडे या ना राहायला."

"नको गं. लई थंडी असती."

"या ना, बाबा. मी एकटीच जेवते इथं."

"नको. हितं घराकडं कोण बघंल?" हे त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि पडद्यावरचं चित्र थांबलं. नेट गेलं. लेकीचं तोंड अर्धं उघडं तसंच राहिलं. साडू घास हातात धरून त्या चित्राकडं बघत होते. माझ्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मी तर देवाला नव्हे, त्या मोबाईल टॉवरला हात जोडले. चित्र हललं.

"बाबा, या. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

साडूंनी घास ताटात ठेवला. "बरं," ते म्हणाले. "पण थोडेच दिवस."

व्हिसाचे कागद लेकीनंच तिकडून केले, आणि त्या थोड्या दिवसांना आता वर्ष होत आलं. लेक सांगते, तिच्या ऑफिसातले लोक घरी जेवायला यायला घाबरतात आणि तरी येतात. परवा तामलवाडीला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात सगळं उभ्यानं घ्यायचं होतं, फक्त जिलबी तेवढी एक माणूस फिरवत होता. माझ्याजवळ आला आणि त्यानं विचारलं, घेणार का? मी सवयीनं नको म्हणालो आणि ताटावर हात आडवा धरला. वर बघितलं तर तो चार माणसं पुढं गेलेला. त्याची काही चूक नव्हती. मी नको म्हणालो होतो.