गालावरची हळद

लेक मैत्रिणीच्या हळदीहून आली. “ओळखीच्या मुलानंच सोडलं गं, टेन्शन कसलं घेतेस?” म्हणाली. तिच्या गालावरच्या ओल्या हळदीचा वास आला आणि मला एक जुनी संध्याकाळ आठवली.

विशीत असताना मीही नवी मुंबईतल्या करावे गावात मैत्रिणीच्या हळदीला गेले होते. कोल्ड्रिंकमध्ये दारू आहे हे माहीत असूनही प्यायले, सगळ्याच पीत होत्या. संध्याकाळी कुणाचा तरी मित्र म्हणाला, “चल, तुला वाशीला घरी सोडतो.” त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं, तरी मी हसत हसत चपला शोधू लागले.

तेवढ्यात मैत्रिणीच्या आत्यानं परातीतली हळद माझ्या दोन्ही गालांना फासली. “हलद लागली तुला. आता उंबऱ्याभायेर पाय टाकाचा नाय.”

“अहो आत्या, ते नवरीला असतं!”

“आज तुला पन हाय,” म्हणत तिनं मला हाताला धरून आत बसवलं. मी तिच्यावर भयंकर चिडले.

भीती तेव्हा वाटलीच नाही, ती आता वाटते. दारातून मला त्या मुलाची गाडी दिसत होती. मागच्या सीटवरचे दोघं सरकून मधे माझ्यासाठी जागा करत होते, आणि मला वाटलं होतं, किती चांगली मुलं आहेत.