मामांच्या दोरीवरचे रिसीव्हर

आमच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक बंदूक दुरुस्तीला टाकतं, घेऊन जातं, किस्सा तेवढा काउंटरवर राहतो! नाशकात माझ्या मामांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान, अगदी परवाना-बिरवाना असलेलं. काउंटरवर मी.

येतात त्या बहुतेक जुन्या बोल्टवाल्या रायफली, कुठल्या कुठल्या देशांच्या. त्यांचा जीव रिसीव्हरमध्ये. नळी ज्यात बसते आणि बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो, तो लोखंडी भाग. गोळीच्या बाराचा सगळा दणका तोच झेलतो. मामा तो सोडवून दोरीला टांगतात आणि हातोडीच्या लाकडी मुठीनं ठोकतात. टण्ण झालं की ठणठणीत. ठप्प झालं की तडा!

*

सिन्नरकडचा एक गडी आजोबांची रायफल घेऊन आला. रिसीव्हर चांगला जाडजूड. "मामा, लय दणकट हाय. हत्तीनं पाय दिला तरी काय नाय व्हणार!"

मामांनी टांगला, ठोकला. ठप्प!

"जाड आहे रे, पण कडक करताना पाणी जास्त दिलंय. काचेसारखा तडकलाय. बार काढलास तर तोंडावर फुटेल."

गडी मटकन खाली बसला. "आवो, कालच डुकरावर काढला की!"

त्याला चहा आम्हीच पाजला.

*

मामांची ही खोड बाहेरही सुटत नाही. त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेलो, तर मामा तिथल्या दुकानातली एकेक घंटा कानाशी धरून ठोकतायत! दुकानदार वैतागला. मामी म्हणाली, "नशीब माझं, मला बघायला आले तेव्हा खिशात दोरी नव्हती!"

*

एकदा दोरीवर एकाच मापाचे दोन रिसीव्हर होते. एक ठोकला की दुसरा हळूच गुणगुणायचा. "जुळे भाऊ आहेत," मामा म्हणायचे. भर दुपारी आम्ही जेवत होतो आणि दोन्ही आपोआप वाजायला लागले.

"ट्रक गेला असेल," मामा म्हणाले.

समोरचा रस्ता खोदून ठेवलेला, सायकलसुद्धा जात नव्हती! मामांनी त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला.

*

पण खरा किस्सा इंदिरानगरच्या कुसुमकाकूंचा. काका गेले, रायफल रीतसर काकूंच्या नावावर झाली. दसऱ्याच्या पूजेसाठी दरवर्षी त्या ती साफ करायला आणतात. घरात काडतूस एक नाही. कपाटाची किल्ली त्यांच्याच कमरेला.

मामा रायफलीत एक लांबट खोटं काडतूस घालून बघतात. रिसीव्हर धड असेल तर त्यावर बोल्ट बंद होत नाही. बार काढून काढून आतली बैठक दबली, तरच होतो. काकूंच्या रायफलीच्या बोल्टचा दांडा पहिल्या वर्षी वरच अडला. पुढच्या वर्षी अर्ध्यावर आला. नळीत मात्र कोळ्याचं जाळं!

"काकू, कोणीतरी वाजवतंय ही."

काकू चक्क लाजल्या. "ह्यांना हिच्याशिवाय करमतच नाही."

मामा समजावत राहिले, "ठाण्यात जमा करून टाका. फुटली तर वाजवणाऱ्याचं तोंड जागेवर राहणार नाही."

"जमा केली तर हे कुठं येतील?" काकू रायफल उराशी धरून गेल्या.

यंदा दांडा बोट लावताच खाली बसला. मामांनी रिसीव्हर टांगला. ठप्प! तेल पुसलं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. नळीत पुन्हा कोळ्याचं जाळं, अगदी अख्खं.

"फुटलीय, काकू. आता हिचं काही होणार नाही."

काकूंनी तड्यावरून हळूच बोट फिरवलं. मग घाबऱ्याघुबऱ्या होऊन मामांकडे बघत म्हणाल्या, "मग ह्यांना लागलं असेल का हो?"