सपरीच्या भिंतीवरच्या रेघा

सन १९७१. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, त्यातही दुसरी दोनदा. पण नागपुरात आमच्या विणकरांच्या वस्तीत लुगड्याचा काठ माझ्यासारखा कोणाचा येत नव्हता, हे माझ्यावर जळणारेही कबूल करत. हे मुद्दाम लिहितो आहे. एका कामात हात चालला की माणसाला वाटायला लागतं, आपलं डोकं साऱ्याच कामात चालतं. माझं तसंच होतं.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माझी आई. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. लेकरू नव्हतं. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात पडलं. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचो आणि बायको शेजारी चरख्यावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. एक संपली की दुसरी हातात लागतेच, नाही तर माग थांबतो.

आमच्यात बाई बाहेर बसली की चार दिवस चूल, देव आणि माग, तिन्हीला शिवायची नाही. मागच्या सपरीत, म्हणजे घरामागच्या पडवीत, तिचं घोंगडं, तिचं ताट, तिचा लोटा. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायली की घरात. ते चार दिवस कांड्या मीच भरायचो आणि आई चाचपडत स्वयंपाक करायची. तोवर कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं, मला तर नाहीच.

त्या वर्षी चाराचे सहा झाले, मग नऊ, मग अकरा. तिचं ओटीपोट हाताला टणक लागायला लागलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "गर्भाशयात मांसाचे गोळे झालेत. एक संत्र्याएवढा आहे. कॅन्सर वगैरे नाही, घाबरू नका. पण रक्त फार जातंय. ऑपरेशन करून पिशवी काढून टाकू. इथे सही करा."

मी म्हणालो, "आमच्या घरच्या बाईले कोणी कापत नाई."

"अहो, मी त्यांच्या जिवासाठी सांगतेय."

"मीबी त्यासाठीच सांगून राहिलो."

बायको बाकावर बसली होती. तिला कोणी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं होतं, पण मी तिला उठवून चालायला लागलो होतो.

कुहीच्या बाजूला तिचं माहेर. तिथल्या एका म्हाताऱ्या वैद्याकडे गेलो. तो माणूस खोटा नव्हता, हे सांगायला पाहिजे. त्याने अशोकाची साल दिली, लोध्र दिलं, काढा कसा आटवायचा ते दाखवलं. मिरची, चिंच, चहा बंद. पहाटे चालणं. ओटीपोटावर ओल्या मातीची पट्टी. आणि निघताना म्हणाला, "दोन महिने पाहून घे. बाहेर बसायचे दिवस कमी झाले तर चालू ठेव. नाई झाले तर जिद्द करू नको गा, डॉक्टरणीकडे ने."

हे सारं मी नेमाने केलं. सुताला खळ चढवताना मी जसं तांदळाचं पाणी मापून घेतो तसा काढा मापून घ्यायचो. अंगणात वेगळी शेगडी मांडली, आठ वाट्या पाणी, आटून दोन. तिने तोंड वाकडं केलं तरी पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसे. आमच्या घरात तर्रीशिवाय जेवण म्हणजे उपासच, पण मी तर्री बंद केली ती साऱ्या घराची. आई कुरकुरली तर म्हटलं, "मीबी फिक्कंच खाऊन राहिलो ना वं माय?" पहाटे पुढे मी, मागे ती, अशी आमची फेरी निघायची. ती मागे पडली की मी थांबायचो, हाका मारायचो. वळून तिच्याजवळ गेलो असेन असं आठवत नाही.

आणि मी हिशेब ठेवला. ती जितके दिवस बाहेर बसे, तितक्या रेघा सपरीच्या भिंतीवर कोळशाने ओढायच्या. अकरा रेघांच्या खाली आठ आल्या. संक्रांतीच्या महिन्यात पाच. पुढच्या महिन्यात चार, बरोबर चार, पाचव्या दिवशी न्हाऊन ती चुलीपुढे.

मग मी काय गप्प बसतो? साऱ्या गल्लीला बोलावून भिंत दाखवली. समोरचा विणकर माझ्याहून मोठा, सदा माझी फिरकी घेणारा. तो भिंतीला नाक लावून रेघा मोजत म्हणाला, "काहून गा वैद्यबुवा, आता माग इकतं का? बाहेर पाटी लाव, काढा मिळेल म्हून."

"हास तू. तुह्या बायकोले दुखलं की येशीन माह्याच दारात."

"येतो ना. पण वैद्यबुवा, वयनी दिसते कशी पाय ना. कोऱ्या सुतावानी झाली."

"फिक्कं खाऊन माणूस उजळते," मी म्हणालो. सारे हसले. बायको आत चरख्यावर होती. तिला सारं ऐकू जात होतं.

डोळ्यांना दिसत होतं ते मी पाहिलं नाही असं नाही. पाहिलं आणि त्याला दुसरंच नाव दिलं. ती भिंतीचे पोपडे काढून माती खायची. मी म्हटलं खोड आहे. पाण्याची गुंडी उचलताना मधेच टेकायची. मी म्हटलं आळस आहे. कांडी भरताना तिचा हात थांबायचा आणि ती तोंड उघडून श्वास घ्यायची. मी खड्ड्यातून ओरडायचो, "कांडी दे वं!" आणि ती द्यायची. कांडी द्यायला ती एकदाही चुकली नाही.

चैत्र लागला होता. दुपारी चरख्याचा आवाज थांबला. मी हात पुढे केला, कांडी आली नाही. वळून पाहतो तर ती चरख्यावर आडवी, सूत तिच्या बोटांना गुंडाळलेलं, आणि बसल्या जागी जमीन लाल झालेली.

रिक्षात घालून नेलं. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, "पाळी किती दिवस चालते?"

मी म्हणालो, "चार. अकराची चारवर आणली मी."

"तुम्हाला नाही विचारलं. बाई, तुम्ही सांगा."

बायकोने डोळे मिटूनच सांगितलं, "थांबतच नाई, बाई. संक्रांतीपासून थांबलंच नाई."

मला वाटलं ती भ्रमात बोलते आहे. मी वाकून म्हणालो, "काय बोलून राहिली वं? पाचव्या दिवशी न्हायली ना तू? मी रेघा वढल्या ना?"

"न्हायली," ती म्हणाली. "न्हायली अन् घरात आली. तसंच चालू होतं."

"काहून? मले काहून नाई सांगतलं?"

"बाहेर बसली का मायचा हात पोळते. दोन खेपा पोळला. तुमचा माग थांबते." मग म्हणाली, "अन् तुम्ही साऱ्या गल्लीले सांगून राहिले होते."

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलट बोललो असतो. त्यांनी कागद पुढे केला. आधी रक्त चढवायचं, अंगात थोडी ताकद आली की ऑपरेशन. "एवढ्या कमी रक्तावर मी हमी देत नाही," म्हणाल्या. मी सही केली. माझं नाव लिहायला मला वेळ लागतो, त्या दिवशी जास्तच लागला. मग माझं रक्त घेतलं. मी म्हटलं, अजून घ्या. रक्त घेणारे म्हणाले, एका माणसाचं एवढंच घेतात.

ती वाचली, हे इथेच सांगून टाकतो. ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं. त्यानंतर ती बावीस वर्षं जगली. पण त्या बावीस वर्षांत पोट दुखलं, डोकं दुखलं, काही म्हणून तिने मला आपण होऊन सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "काई नाई, बरं हाये." आणि मला खरं कधी कळलं नाही. शेवटच्या दुखण्यातही तेच म्हणाली.

त्या दिवशी दवाखान्यात बायांच्या वॉर्डात मला थांबू देईनात. तिचा भाऊ आणि भावजय कुहीहून आले, भावजय तिच्याजवळ बसली. मी दिवेलागणीला घरी आलो. आई ओट्यावर बसून होती. तिला सारं सांगितलं. ती म्हणाली, "मले वास येत जाये रे. माहे डोळे गेले, नाक नाई गेलं."

"मग बोलली काहून नाईस?"

"तिनं पाय धरले माहे. अन् तुले कोण बोलते बाप्पा? तू आयकते कोणाचं?" मग तिने हात करून दाखवलं. "गोवऱ्याच्या मांगं पाय."

सपरीत गोवऱ्यांची रास होती, माझ्या रेघांच्या अगदी खाली. ती बाजूला केली. मागे अंधारात दोरीवर फडकी वाळत घातलेली. काही धुतलेली, काही तशीच बोळा करून ठेवलेली. उन्हात घातली असती तर मला दिसली असती. एक फडकं उचलून दारात आणलं. काठ माझा होता. लग्नाच्या वर्षी तिच्यासाठी विणलेलं लुगडं, कांद्याच्या पातीचा रंग, काठात रुईफुलाची नक्षी. ते तिने फाडून फाडून वापरलं होतं. जुनं झालं म्हणून कुठे ठेवून दिलं असेल असं मी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती सारी फडकी मी घमेल्यात भरली आणि नळावर गेलो. बायांची रांग होती. आमच्या वस्तीत बाप्या माणूस स्वतःची बंडीही नळावर धूत नसे. बाया मागे सरकल्या. समोरच्या विणकराची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगा बापा, ठेवा ते. मी धुतो."

"माह्या घरचं हाये," मी म्हणालो.

दगडावर घेऊन एक एक घासलं. डाग काही निघाले नाहीत. घरापुढे मी खळ दिलेलं सूत वाळवायचो ती दोरी होती. तिच्यावर सारी फडकी उन्हात वाळत घातली आणि दवाखान्याकडे चालू लागलो.