स्लिपरच्या चोचीचा कावळा

मी मातीचे पक्षी करते. भट्टी पावस गावाजवळ माहेरच्या परसात, माती शेतातली, आणि बाकी सगळं समुद्राने ओकलेलं: जाळ्यांचे दोर, छत्रीच्या काड्या, करवंट्या. हॉटेलांत उतरलेले पाहुणे ‘किती नॅचरल’ म्हणत ते घेतात. मला त्या शब्दाचीच शिसारी येते. किनाऱ्यावर वाकून जे उचलावं लागतं, त्यातलं निम्मं हातात धरवत नाही. पण आईच्या दहाव्याला जे झालं, त्यापुढे ती घाण काहीच नाही.

आईचा जीव आत्यात अडकलेला. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि आईच्या सोबतीने म्हातारी झाली. तिला या घरातून हलवू नका, एवढंच आई आम्हा दोघा भावंडांना सांगून गेली. भावाने तर तेरावं उरकलं की घराला कुलूप आणि आत्या चिपळूणकडच्या वृद्धाश्रमात, असं ठरवूनही टाकलं होतं.

घराखालच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पिंड ठेवले. कावळे माडावर बसून राहिले, एकही शिवेना. शेजारचे काका भावाला म्हणाले, “आत्येला अंतर देनार नाय, असा बोल नि हात जोड.”

भाऊ घड्याळाकडे बघत उभा. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तेवढ्यात हा घरात गेला आणि माझ्या फळीवरचा कावळा उचलून घेऊन आला. दर्भापेक्षा हा बरा दिसतो म्हणाला. भटजींनीही मान डोलावली. भावाने त्याची चोच सरळ भातात खुपसली. ती चोच मी भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत सापडलेल्या काळ्या रबरी स्लिपरच्या टाचेतून कापली होती. कुणाच्या पायातली, देव जाणे. आईच्या पिंडाला चप्पल लागली आणि लोक आंघोळीला वळले.

भावाची किळस आली, मान डोलावणाऱ्या भटजींची आली. पण तोंड उघडलं असतं, तर सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं. भाऊ शब्द देत नाही म्हटल्यावर काका माझ्याकडे वळले असते. माझं घर दोन खोल्यांचं, नवऱ्याचा स्वभाव तापट, अशी कारणं मी उभ्या उभ्या जुळवलीसुद्धा. मीही सगळ्यांमागून आंघोळीला गेले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि सगळ्यांत जास्त किळस त्या सुटण्याचीच आली.

दुपारी आत्याने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “ती स्लिपर मीच घासून दिलेली ना तुला. पन मी बोलली असती, तर तुला शब्द द्यावा लागला असता.”

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिची पिशवी मीच चिपळूणकडे निघालेल्या गाडीत ठेवली.