ताईंनी लावलेल्या विटा

"काकू, आई गेली," एवढंच बोलून पुतण्यानं फोन ठेवला. मी राहुरीला लेकीकडं होते. सोनईला घरी येईपर्यंत डोळ्यांपुढं आजारी ताई येतच नव्हत्या. येत होत्या त्या पदर खोचून विटा ठोकणाऱ्या ताई… माझ्या थोरल्या जाऊबाई.

आमच्या अंगणात त्यांचा शेवंतीचा वाफा. भाऊजींचा, म्हणजे ताईंच्या मालकांचा, ट्रॅक्टर वळला की ट्रॉलीचं चाक हमखास त्यावरून जायचं. ताई रोपं पुन्हा लावायच्या, चाक पुन्हा जायचं. घरातलं बाकी सगळं सगळ्यांचं. स्वतःचं म्हणून त्यांना एवढंच हवं होतं. एकदा ऐन फुलावर आलेला वाफा चिरडला, तेव्हा त्या भांडल्या नाहीत. गोठ्यामागं पडलेल्या विटा उचलायला मला हाक मारली. आधी आम्ही त्या नुसत्याच आडव्या मांडल्या, तर संध्याकाळी चाकानं सगळ्या मातीत दाबल्या! मी म्हटलं, "जाऊ द्या ताई." तर माझ्यावरच डाफरल्या, "दमली असशील तर बस सावलीला." दुसऱ्या दिवशी त्यांनी वीतभर चर खणला. प्रत्येक वीट तिरपी, अर्धी मातीत, एकीच्या पाठीला दुसरी टेकवलेली, खोऱ्याच्या दांड्यानं ठोकून घट्ट केलेली.

भाऊजी ट्रॅक्टरवरूनच ओरडले, "आता ट्रॉली वळवू कुठं? अंगन केवढंसं हाय!"

"अंगन बारकं न्हाई," ताई म्हणाल्या, "तुमचं वळन लई मोठं हाय."

बाई गं! भाऊजींना असं तोंडावर बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. अभिमानानं माझा ऊर भरून आला. भाऊजी फणफणले, पण मागं-पुढं करत त्यांनी ट्रॉली वळवली. त्यानंतर शेवंतीला कधी चाक लागलं नाही.

तेराव्यासाठी मांडव घालायला माणसं आली. एकानं खांब रोवायला वाफ्याच्या दोन विटा उपटल्या. ओट्यावर बसलेले भाऊजी अनवाणीच धावले. "ए, ठेव ती वीट! तिची जागा हाय ती. खांब रवायचा तर माझ्या दारात रव."

मग स्वतः खाली बसले आणि मला विचारलं, "तिरपीच बसवायची ना?" मी मान हलवली. दोन विटांपायी त्यांना घाम फुटला. मी मुद्दामच हात लावला नाही… कळू दे म्हटलं. त्या दोन विटा जरा वाकड्याच बसल्यात. बाकीची सगळी ओळ ताईंची.