सुकेळ्यांचे फोटो आणि गासचे भाऊ

वसईपासून विरारपर्यंत फोटो काढणारे पुष्कळ आहेत, पण फोटो न काढण्यात आमच्या गास गावच्या भाऊंचा हात धरणारा कोणी झाला नाही आणि होणारही नाही. विकायच्या वस्तूंचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा. पण त्यांच्या पिशवीतून कॅमेरा बाहेर निघायला जितका वेळ लागतो, तेवढ्यात एखाद्याचं लग्न ठरून साखरपुडाही उरकतो. आधी निघते वही. मग प्रश्न येतो, "अपेक्षा काय हाय?" समोरचा "छान आले पाहिजेत" म्हणाला की ते वही मिटून चहा मागतात, तोही बिनसाखरेचा. तुळिंजच्या एका दुकानदाराने त्यांना कुर्त्यांना जरा 'रिच लुक' द्यायला सांगितलं. "रिच म्हंजे कोनासारखं?" भाऊंनी विचारलं. दुकानदाराने अर्धा तास डोकं खाजवलं आणि कबूल केलं, "आमच्या मोठ्या वहिनीसारखं." भाऊंनी कुर्ता घातलेली प्लास्टिकची बाहुली कोपऱ्यात उभी केली आणि मोठ्या वहिनींना बोलावणं धाडलं. कामणच्या एका गोदामात नळांचे फोटो काढायला गेले, तेव्हा मालकाकडून त्यांनी एवढंच वदवून घेतलं, की हे नळ गळत नाहीत. मग नळाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरला. फोटोत निम्मा नळ, निम्मा कागद. मालक चिडला, पण नळ खपले म्हणतात.

आमची त्यांच्याशी गाठ पडली ती माझ्या कर्तबगारीमुळे. आमच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची बायको सुकेळी करते. पिकलेली केळी सोलायची, उन्हात वाळवायची, ऊन सरकेल तशी हलवायची, संध्याकाळी झाकायची. माझ्या आईने तिला हे शिकवलं. मुलीने ती ऑनलाइन विकायचं सुचवलं आणि फोटोंची जबाबदारी मी छातीठोकपणे अंगावर घेतली. मोबाइलमध्ये मला एक बटण सापडलं, ते दाबलं की तपकिरी सुकेळी सोन्याच्या बिस्किटांसारखी चमकायची. मी स्वतःवर खूश. ऑर्डरी आल्या आणि मागोमाग पार्सलं परत आली. शेरा एकच: "फोटोत पिवळी, हातात काळी. माल जुना आहे." तिसरं पार्सल परत आलं तेव्हा बायकोने ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, "एवढा हंगाम बघते. नाहीतर पुढच्या वर्षी केळी व्यापाऱ्याला कच्चीच देऊन टाकू." ती चिडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून भाऊ आले. मी वाक्य तयार ठेवलं होतं. "भाऊ, असे फोटो काढा, की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे."

"पानी कोनाच्या तोंडाला? ज्याने आधी खाल्लीत त्याच्या, का ज्याने नाय खाल्ली त्याच्या?"

"दोघांच्या."

"दोघांना येकच फोटो कसा पुरंल? बरं, रंग?"

"जरा सोनेरी दिसली तर..."

"मग ताजी केळी विका," भाऊ म्हणाले आणि वही मिटली.

चहा घेऊन बायको बाहेर आली. भाऊंनी एक सुकेळं तोंडात टाकलं, डोळे मिटून सावकाश चावलं आणि माझ्याकडे पाठ करून तिला विचारलं, "ताई, पार्सल फोडल्यावर मानसाला काय कळावं असं तुमाला वाटतं?" ती पदराला हात पुसत उभी राहिली. मी मदत करायला तोंड उघडलं, तर भाऊंनी मागे न बघताच हात वर केला. मग ती म्हणाली, "हे सुकवलेलं आहे, शिळं नाही. आठ दिवस कोणीतरी याच्यामागे ऊन शोधत फिरलंय. एवढं कळलं तरी पुरे." भाऊंनी शब्द न् शब्द उतरवून घेतला, तिला वाचून दाखवला आणि तिची मान हलल्यावरच कॅमेरा काढला. फोटो अगदी साधा. त्या दिवशी सोललेलं केळं, शेजारी चार दिवस वाळलेलं, त्याच्या शेजारी आठ दिवसांचं, सुरकुतलेलं, मधाच्या रंगाचं. आणि ते उलटणारा तिचा हात. खाली तिचंच वाक्य. त्या हंगामात एकही पार्सल परत आलं नाही, आणि केळी व्यापाऱ्याला द्यायचं पुन्हा कोणी बोललं नाही.

यंदा सोलायला घेतल्यावर मी भाऊंना फोन केला. "नवीन फोटो कशाला?" ते म्हणाले. "गेल्या वर्षीचा अजून खरा हाय ना?" खरा होता. मी बायकोला तसं सांगितलं. ती केळं सोलत राहिली, मग म्हणाली, "काम नसलं तरी या, असं म्हणायचं होतं." मी पुन्हा फोन लावला.

"भाऊ, एकदा घरी या."

"कशासाठी? नीट सांगा."

गावभर गप्पा हाणत फिरणारा मी, पण मला ते काही नीट सांगता येईना. "असंच," एवढंच पुटपुटलो. बायकोने चिकट हातांनीच फोन घेतला.

"भाऊ, जेवायला या. दुसरं काही नाही."

मीही फोनजवळ कान नेला. एवढी वर्षं दारोदार लोकांना काय हवंय ते विचारत फिरणाऱ्या या माणसाला, नुसतं जेवायला या, असं बहुधा फार कोणी म्हटलं नसावं. मग हळू आवाजात, कधी नव्हे ते जरा अडखळतच, त्यांनी विचारलं, "रविवारी आलो तर चालंल?"